गेन्सबरोला लँडस्केप करायचं होतं, मग तो आयुष्यभर पोर्ट्रेट का करत राहिला?

प्रश्न विचारणारा मुलगा जी. डी. आर्ट या चित्रकलेच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की अठराव्या शतकातला इंग्लिश चित्रकार थॉमस गेन्सबरो स्वतःच सांगायचा मला पोर्ट्रेटचा वीट आलाय, मला लँडस्केप करायचंय, तर मग तो मरेपर्यंत पोर्ट्रेटच का करत बसला, पैशापायी त्याने कला वाया घालवली असं म्हणायचं का, आणि मी पण आत्तापासून पोर्ट्रेटच्या ऑर्डरी घेतोय तर माझं पण तेच होणार का.

मी गेली एकतीस वर्षं पोर्ट्रेट करतेय, त्यावरच घर चालतं, आणि लँडस्केप मला मनापासून आवडतं, त्यामुळे हा प्रश्न मी स्वतःला खूप वेळा विचारलाय. वाया घालवली हे मला अजिबात पटत नाही. का पटत नाही ते सांगायचं तर त्याचं सगळं आयुष्यच सांगावं लागेल, म्हणून उत्तर लांबलंय, निवांत वाचा.

गेन्सबरो सडबरीचा. इंग्लंडच्या पूर्वेला सफक परगणा आहे, तिथलं हे लोकरीच्या कापडाचं छोटं गाव. मे १७२७ मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, नऊ भावंडांत हा धाकटा. वडील कापडाच्या धंद्यात होते आणि तो धंदा १७३३ मध्ये बुडाला, दिवाळखोरी झाली, म्हणजे हा सहा वर्षांचा असताना घरात पैशाची ओढाताण सुरू. हे लक्षात ठेवा, कारण पुढे तो पैशाबद्दल जे वागतो त्याचं मूळ मला इथे दिसतं. पोरगा शाळा बुडवून गावाबाहेरच्या झाडीत चित्रं काढत बसायचा असं सांगतात. तेरा-चौदाव्या वर्षी त्याला लंडनला पाठवलं.

लंडनमध्ये तो शिकला ग्रॅव्हलो नावाच्या फ्रेंच एनग्रेव्हरकडे, म्हणजे पुस्तकांतली चित्रं कोरणारा माणूस, अतिशय नाजूक रेषेचा. चित्रकार होगार्थच्या भोवती जी सेंट मार्टिन्स लेनची मंडळी होती त्यांच्यात त्याची उठबस होती, त्यांच्यातला फ्रान्सिस हेमन हा चित्रकार पण त्याच्या बरोबर असायचा. पण त्याच्या हाताला खरं वळण लावलं ते डच लँडस्केपांनी. त्या काळी लंडनच्या बाजारात जुनी डच चित्रं भरपूर यायची, हा ती बघायचा, राइसडालची तर त्याने खडूने केलेली नक्कल आजही आहे. एकविसाव्या वर्षी, १७४८ च्या सुमाराला, त्याने कॉर्नार्ड वुड पूर्ण केलं, सडबरीजवळच्या जंगलाचं मोठं लँडस्केप, आत्ता लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. आयुष्याच्या शेवटच्या वर्षी त्याने एका पत्रात या चित्राबद्दल लिहिलंय की त्यात रचना फारशी नाही, शाळकरी पोराचा हात दिसतो, पण निसर्ग जवळून बघून बारीकसारीक जे केलंय ते माझ्या नंतरच्या कुठल्याही कामाच्या तोडीचं आहे. साठीतला नावाजलेला चित्रकार स्वतःच्या पोरवयातल्या लँडस्केपबद्दल इतकं मायेने लिहितो, म्हणजे सुरुवात कुठून झाली ते कळतं.

१७४६ मध्ये लग्न झालं, मार्गारेट बर. ती ब्यूफर्टच्या ड्यूकची अनौरस मुलगी आणि तिला त्या घराकडून वर्षाला दोनशे पौंड मिळायचे. एकोणीस वर्षांच्या चित्रकाराला हा मोठाच आधार होता. तरी लंडनमध्ये बस्तान बसलं नाही, नुसत्या लँडस्केपांवर पोट भरेना, आणि १७४८-४९ ला तो परत सडबरीला आला.

आता इथे एका चित्रापाशी थांबते, मिस्टर अँड मिसेस अँड्र्यूज, साधारण १७५० चं. तुम्ही पुस्तकात पाहिलंच असेल. डाव्या बाजूला ओकच्या झाडाखाली नवरा-बायको, तो बंदूक काखेत धरून रेललेला, ती निळ्या झग्यात बाकावर ताठ बसलेली, पायाशी कुत्रा, आणि उजवा जवळजवळ अर्धा कॅनव्हास नुसतं शेत. कापणी झालेलं, पेंढ्या बांधलेल्या, धसकटं अगदी सरळ रांगांत, कारण पेरणी यंत्राने केलेली, ही तेव्हाची आधुनिक शेती. लांब मेंढ्या, वर पावसाचे ढग. हा मालक आपली शेती दाखवतोय. पण चित्रकाराच्या बाजूने बघा, बावीस-तेवीस वर्षांच्या पोराला एका पोर्ट्रेटची ऑर्डर मिळालीये आणि त्याने त्यातला अर्धा भाग लँडस्केपला देऊन टाकलाय, गिऱ्हाईक खूश आणि हा पण खूश. मी हे चित्र पहिल्यांदा समोर उभं राहून पाहिलं तेव्हा मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच लहान निघालं, जेमतेम चार फूट रुंद, आणि मी माणसांकडे बघायच्या ऐवजी कितीतरी वेळ त्या ढगांकडेच बघत होते.

आणि एक गंमत, बाईच्या मांडीवर एक तुकडा तसाच रंगवायचा राहिलाय. तिथे पुस्तक येणार होतं, मारलेला पक्षी येणार होता, की पुढे होणारं बाळ, यावर लोक अजून वाद घालतात. मला त्या तुकड्याचा उपयोग वेगळाच वाटतो. तिथे खालचा ग्राउंडचा, म्हणजे चित्राआधी कॅनव्हासला दिलेल्या थराचा, रंग उघडा दिसतो, म्हणजे हा पोरगा पांढऱ्या कॅनव्हासवर नाही तर टिंट दिलेल्या ग्राउंडवर काम करत होता हे डोळ्यांनी बघायला मिळतं, आणि विद्यार्थ्याने हेच बघायचं असतं.

१७५२ ला तो इप्सविचला गेला, बंदराचं गाव, सात वर्षं तिथे. वकील, पाद्री, व्यापारी, जमीनदार, अशी गिऱ्हाइकं. उधारी पण असायची. याच काळात १७५८ चं एक पत्र आहे ते मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. एका गिऱ्हाइकाने तक्रार केली की चित्राचा पृष्ठभाग खडबडीत लागतोय. त्यावर गेन्सबरो उत्तर देतो, की बाकी काही दोष सापडला नाही हे ऐकून आनंद झाला, तो खडबडीतपणाच योग्य अंतरावरून चित्राला जोर देतो आणि जाणकार माणूस त्यावरूनच अस्सल चित्र आणि नक्कल यातला फरक ओळखतो. तेव्हा तो तिशी ओलांडलेला, लहान गावातला, बरेच पैसे यायचे बाकी असलेला चित्रकार होता आणि तरीही ब्रशिंग गुळगुळीत करून देतो असं म्हणाला नाही. ऑर्डरचं काम करणाऱ्याने कुठे वाकायचं आणि कुठे नाही याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

इप्सविचलाच त्याने आपल्या दोन मुलींची चित्रं सुरू केली, मेरी आणि मार्गारेट. त्यांच्याकडे मी शेवटी येणार आहे.

१७५९ ला बाथ. बाथ म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव, तब्येतीच्या नावाखाली सगळे श्रीमंत लोक तिथे सीझनला येऊन राहायचे, पत्ते, नाच, गप्पा, आणि रिकामा वेळ भरपूर. पोर्ट्रेटवाल्यासाठी याहून चांगली जागा कुठली. त्याने गावाच्या अगदी मध्यावर मोठं घर घेतलं, बहिणीचं टोप्या-फितींचं दुकानही त्याच इमारतीत. धंद्याचं डोकं त्याला नव्हतं असं कोणी म्हणत असेल तर त्यांनी एवढं एक बघावं.

पण बाथचा मोठा फायदा वेगळाच झाला. आजूबाजूच्या बड्या घराण्यांच्या वाड्यांत त्याला व्हॅन डाइक, म्हणजे सतराव्या शतकातला मोठा फ्लेमिश पोर्ट्रेट चित्रकार, बघायला मिळाला, विल्टनला तर व्हॅन डाइकचं प्रचंड मोठं कुटुंबचित्र आहे. गेन्सबरो कधी इटलीला गेला नाही, देशाबाहेर शिकायलाच गेला नाही, व्हॅन डाइक हीच त्याची इटली. नकला करून शिकला. इप्सविचपर्यंतची त्याची माणसं जराशी लाकडी बाहुल्यांसारखी असतात, हात अवघडलेले, आणि बाथमध्ये पाच-सहा वर्षांत एकदम माणसं उंच, सैल, चालत्या वाऱ्यातली व्हायला लागतात. काउंटेस हाउचं चित्र बघा, गुलाबी झगा, मागे झाडं, अख्खा कॅनव्हास एका श्वासात केल्यासारखा.

हे कसं झालं त्याचं उत्तर त्याच्या स्टुडिओत आहे आणि मला सगळ्यात जास्त यावरच बोलायचंय. त्याला काम करताना पाहिलेल्या लोकांनी लिहून ठेवलंय म्हणून आपल्याला हे माहीत आहे. तो सुरुवात जवळजवळ अंधारात करायचा. खिडक्या झाकून, कधी मेणबत्तीच्या उजेडात. कारण अंधारात डोळे, नाक, ओठ हे तपशील गिळले जातात आणि फक्त मोठे आकार उरतात, उजेड कुठे आणि सावली कुठे. ते बसले की मग हळूहळू उजेड वाढवायचा. दुसरं, कॅनव्हास तो समोर बसलेल्या माणसाच्या अगदी चेहऱ्याजवळ आणायचा आणि स्वतः अशा ठिकाणी उभा राहायचा की माणूस आणि चित्र दोन्ही त्याच्यापासून सारख्याच अंतरावर. आणि ब्रशच्या काठ्या लांब, सहा फुटांपर्यंतच्या सुद्धा. म्हणजे रंग लावताना पण तो लांबूनच बघत असायचा.

मी हे करून पाहिलंय. बांबूची बारीक काठी घेतली, साडेचार-पाच फुटांची, टोकाला जुना हॉग हेअरचा फ्लॅट ब्रश सुतळीने बांधला आणि घरातल्याच माणसाला बसवलं. पहिले दोन तास काहीही जमत नाही, खांदा भरून येतो. पण तिसऱ्या दिवशी जे व्हायला लागतं ते विलक्षण आहे, पापणी काढायचा मोहच होत नाही कारण पापणी काढताच येत नाही, हात आपोआप कपाळ, गाल, जबडा असं मोठ्यात विचार करायला लागतो. लाइकनेस, म्हणजे चेहऱ्याचं साम्य, हा तपशिलात नसतो, तो अंतरात आणि टोनमध्ये, म्हणजे उजेड-सावलीच्या छटांत, असतो हे मी शिकवताना शंभर वेळा बोलले असेन, पण माझ्या स्वतःच्या हाताला ते त्या काठीने पटवलं.

रंग तो पातळ वापरायचा, टर्पेंटाइनने इतका सैल केलेला की वॉटरकलरसारखा वाहील. झग्याच्या सळा, झाडाची पानं, केस, सगळीकडे तेच तिरपे झपाझप फटकारे. जवळ गेलात तर नुसते ओरखडे दिसतात, काही अर्थच लागत नाही, आणि सात-आठ पावलं मागे आलात की ते रेशीम होतं. हे मी माझं म्हणून सांगत नाहीये, त्या काळचा दुसरा बडा पोर्ट्रेटवाला आणि लंडनच्या रॉयल अकॅडमीचा अध्यक्ष जोशुआ रेनल्ड्स याने गेन्सबरो गेल्यावर डिसेंबर १७८८ मध्ये अकॅडमीच्या विद्यार्थ्यांसमोर जे भाषण केलं त्यात हेच सांगितलंय, की जवळून विचित्र ओरखडे आणि खुणा दिसतात आणि एका अंतरावर जणू जादूने सगळं जागच्या जागी येतं. जन्मभर ज्याच्याशी स्पर्धा होती त्याने हे म्हणावं याला किंमत आहे.

आणि आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. ते ओरखडे आले कुठून? लँडस्केपमधून आले असं माझं ठाम मत आहे. संध्याकाळी दिवसाचं काम संपलं की तो टेबलावर लँडस्केप मांडायचा, अक्षरशः मांडायचा, फुटके दगड, वाळलेल्या काटक्या आणि गवत, कोळशाचे तुकडे, शेवाळ, पाण्यासाठी आरशाचा तुकडा, आणि झाडांसाठी ब्रोकोली. मेणबत्ती लावायची आणि त्यावरून चित्र काढत बसायचं. खडू, शाई, बोटाने चोळणे, काडीला बांधलेल्या स्पंजने सावल्या टाकणे, वर पांढऱ्या खडूचा उजेड, आणि पक्कं राहायला साय काढलेल्या दुधात कागद बुडवायचा. अशी शेकडो ड्रॉइंग्ज आहेत. ही विकायला नव्हती, मित्रांना देऊन टाकायचा. या कामात कोणी गिऱ्हाईक नाही, कोणाचं नाक चुकत नाही, त्यामुळे हात मोकळा सुटला, आणि तोच सुटलेला हात दुसऱ्या दिवशी सकाळी कुठल्यातरी लेडीच्या झग्यावर चालायचा. मी पण शिबिरात मुलांना फ्लॉवरचे तुरे, कोळसा, नदीतले गोटे, आरशाचा तुकडा असं मांडून देते आणि लाइट घालवून एक दिवा ठेवते. मुलं आधी हसतात, मग तासभर कोणी बोलत नाही.

म्हणूनच एका लॉर्डने त्याला आपल्या इस्टेटीचं हुबेहूब दृश्य करून मागितलं तेव्हा त्याने नम्रपणे नकार दिला, की खऱ्या जागांचं हुबेहूब चित्र हे माझं काम नाही, हवं तर मी माझ्या डोक्यातलं करून देतो. पोर्ट्रेटमध्ये तो गिऱ्हाइकाचं ऐकायचा. लँडस्केपमध्ये मात्र ती जागा त्याने कोणालाच दिली नाही. आणि पोर्ट्रेटचे पैसे येत होते म्हणूनच त्याला नकार देणं परवडलं, हे पण लक्षात घ्या. त्याची पोर्ट्रेटं सातशेच्या वर आणि लँडस्केपं दोनशेच्या आसपास धरतात. त्याचा समकालीन रिचर्ड विल्सन याने पोर्ट्रेट सोडून पूर्ण लँडस्केपच धरलं, फार मोठा चित्रकार, पण शेवटची वर्षं हलाखीत गेली.

वीट आलाय असं तो म्हणाला ते खरंच आहे. विल्यम जॅक्सन नावाच्या संगीतकार मित्राला त्याने लिहिलंय की पोर्ट्रेटांनी मी कंटाळलोय, वाटतं आपली व्हायोला दा गाम्बा उचलावी आणि एखाद्या गोड खेड्यात निघून जावं, तिथे लँडस्केप रंगवत उरलेलं आयुष्य शांतपणे काढावं. व्हायोला दा गाम्बा म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं जुनं तंतुवाद्य, संगीताचं त्याला वेडच होतं. पण बाबांनो, हे मित्राला लिहिलेलं पत्र आहे, सीझनच्या गर्दीत दमलेल्या माणसाचं. दिवाळीच्या आधीच्या महिन्यात माझे मेसेज कोणी वाचले तर मी उद्याच ब्रश नदीत टाकणार असं वाटेल. तो गेला नाही. जाऊ शकला असता, चाळिशीत त्याच्याकडे तेवढे पैसे होते, तरी गेला नाही, उलट १७७४ ला आणखी मोठ्या बाजारात, लंडनला गेला.

बाथ सोडतानाची एक गोष्ट मला फार आवडते. त्याची चित्रं बाथहून लंडनच्या प्रदर्शनाला नेणारा मालवाहतूकवाला होता, विल्टशर नावाचा, तो या कामाचे पैसे घ्यायचा नाही, मला चित्रकला आवडते म्हणायचा. निघताना गेन्सबरोने त्याला हार्वेस्ट वॅगन दिलं, १७६७ चं, त्याच्या सगळ्यात सुंदर लँडस्केपांपैकी एक. ज्या गाडीवाल्याला मनापासून आवडतं त्याला तो आपलं लँडस्केप देऊन टाकतो.

बाथमधलंच आणखी एक सांगून पुढे जाते, इग्नेशियस सँचोचं पोर्ट्रेट, नोव्हेंबर १७६८. सँचो हा आफ्रिकन माणूस, गुलामांच्या जहाजावर जन्मला असं सांगतात, माँटेग्यू घराण्यात नोकरीला, पुढे लेखक आणि संगीतकार म्हणून नाव झालं. हे पोर्ट्रेट एक तास चाळीस मिनिटांत केलं अशी नोंद आहे. आत्ता कॅनडात ऑटावाला आहे. तांबूस अंधारातून वर येणारा तो चेहरा, लाल जाकिटाची सोनेरी कड, आणि नोकराची कुठलीही खूण नाही, एक सभ्य विचारी गृहस्थ कोटात हात घालून बसलाय. पावणेदोन तासांत हे करायला आधीची वीस वर्षं लागतात.

ब्लू बॉय, म्हणजे निळ्या पोशाखातल्या मुलाचं त्याचं प्रसिद्ध चित्र, त्याबद्दल लिहिलं नाही तर विचारणारच. १७७० ला अकॅडमीत लावलं होतं ते हेच असं मानतात. एका गोष्टीचं मात्र खंडन करते, ती आपल्याकडे वर्गावर्गात सांगितली जाते, की रेनल्ड्सने म्हटलं चित्राच्या मध्यभागी निळ्यासारखा थंड रंग मोठ्या प्रमाणात वापरू नये आणि त्याला चूक ठरवायला गेन्सबरोने ब्लू बॉय केला. रेनल्ड्सचं ते भाषण १७७८ चं आहे, चित्र आठ वर्षं आधीचं. कपडे व्हॅन डाइकच्या काळातले आहेत, म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षं जुनी फॅशन, स्टुडिओतला पोशाख. मुलगा कोण, तर बरीच वर्षं एका हार्डवेअरच्या व्यापाऱ्याचा मुलगा जोनाथन बटल असं मानायचे, आता काही जण म्हणतात त्याचाच भाचा गेन्सबरो ड्युपाँट असावा. एक्सरे काढला तेव्हा खाली दुसऱ्याच एका माणसाचं अर्धवट पोर्ट्रेट निघालं, म्हणजे जुना कॅनव्हास परत वापरलाय, आणि नंतर असंही कळलं की मुलाच्या पायाशी आधी एक कुत्रा होता तो त्याने झाकून टाकला. ऑर्डरचं चित्र असतं तर नवा कॅनव्हास घेतला असता, त्यामुळे हे त्याने स्वतःच्या हौसेने केलं असं मला वाटतं. १९२१ ला ते हंटिंग्टन नावाच्या अमेरिकन संग्राहकाने सात लाख डॉलरच्या वर देऊन घेतलं, जाण्याआधी लंडनमध्ये तीन आठवडे ठेवलं तर नव्वद हजार लोक बघायला आले.

अकॅडमीशी त्याचं भांडण चित्र कुठे लावायचं यावरून झालं. १७६८ ला रॉयल अकॅडमी निघाली त्यात तो संस्थापक सभासद होता, पण १७७३ ला बिनसलं आणि १७७७ पर्यंत त्याने तिथे काही लावलंच नाही. मग १७८४ ला त्याने राजाच्या तीन मोठ्या मुलींचं चित्र पाठवलं आणि कळवलं की हे फार कोमल उजेडात रंगवलंय, साडेपाच फुटांच्या वर लावू नका, नाहीतर चेहरे आणि काम दिसणार नाही. त्यांचा नियम वेगळा होता, ते ऐकेनात. त्याने सगळी चित्रं परत मागवली आणि नंतर कधीच तिथे प्रदर्शन केलं नाही, स्वतःच्या घरी, पॅल मॅलवरच्या स्कॉमबर्ग हाउसमध्ये, दरवर्षी लावायला लागला. लोक याला अहंकार म्हणतात. मला नाही वाटत. माझं एक पोर्ट्रेट एका संस्थेने सभागृहात बारा फुटांवर लावलं, ट्यूबलाइटच्या वर, खालून बघताना फक्त फ्रेमची चमक दिसते, गालावरचा जो हिरवट राखाडी टोन मी चार सिटिंगमध्ये, म्हणजे माणसाला चार वेळा समोर बसवून, मिळवला होता तो आता कोणाला कधी दिसणार नाही. मी तेव्हा गप्प बसले, आणि अजून त्याचं वाईट वाटतं. पातळ रंगात, ओरखड्यांत काम करणाऱ्याचं चित्र ठरावीक अंतरावरूनच जुळून येतं, त्याच्यासाठी ती उंची हा चित्राचाच भाग होता.

लंडनमध्ये काम तर प्रचंड होतं. राजा तिसरा जॉर्ज आणि राणी शार्लट यांना तो आवडायचा, १७८२ ला विंडसरला जाऊन राजघराण्यातल्यांची पंधरा छोटी लंबगोल पोर्ट्रेटं केली, ती सगळी एकत्र आजही आहेत. पण राजाचा मुख्य चित्रकार हे पद १७८४ ला रिकामं झालं तेव्हा मिळालं रेनल्ड्सला. आणि एवढं काम असून मदतीला कोण, तर फक्त भाचा ड्युपाँट. त्या काळी बहुतेक बडे पोर्ट्रेटवाले चेहरा स्वतः करायचे आणि कपडे रंगवायला वेगळा ड्रेपरी पेंटर ठेवायचे. गेन्सबरो झगे स्वतः रंगवायचा, त्यामुळे त्याच्या चित्रात चेहरा, झगा आणि मागचं झाड हे एकाच हाताचे वाटतात.

ते सगळ्यात जास्त दिसतं १७८५ च्या मॉर्निंग वॉकमध्ये. हॅलेट नावाचं तरुण जोडपं, लग्न व्हायचं होतं किंवा नुकतंच झालं होतं अशा वेळचं, बागेतून चाललंय, बरोबर पांढरा कुत्रा. बाईचा झगा, कुत्र्याची लव आणि मागची पानं एकाच फटकाऱ्यांत केलीत. अँड्र्यूजच्या चित्रात अर्धा कॅनव्हास माणसं आणि अर्धा शेत होतं, मधे जणू रेघ होती. पस्तीस वर्षांनी ती रेघ पुसली गेलीये, यात पोर्ट्रेट कुठे संपतं आणि लँडस्केप कुठे सुरू होतं ते बोट ठेवून दाखवता येत नाही. तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हे चित्र आहे. लँडस्केप त्याने सोडलंच नव्हतं, माणसांच्या अंगावर आणून ठेवलं.

शिवाय नुसती लँडस्केपं पण चालूच होती. १७७७ चं वॉटरिंग प्लेस पाहून होरेस वॉलपोल या त्या काळच्या लेखकाने लिहून ठेवलं की इंग्लंडमध्ये आजवर रंगवलेलं हे सगळ्यात सुंदर लँडस्केप. १७८२ ला गर्ल विथ पिग्ज हे खेड्यातल्या मुलीचं चित्र लावलं, ते रेनल्ड्सने विकत घेतलं, गेन्सबरोने साठ गिनी सांगितल्या होत्या आणि याने शंभर दिल्या. पण बहुतेक लँडस्केपं घरातच पडून राहिली, दरवाजापासून पेंटिंग रूमपर्यंत रांगेने उभी केलेली असायची आणि सिटिंगला येणारे बडे लोक त्यांच्याकडे न बघता पुढे जायचे असं एका चित्रकाराने सांगितलंय. हे वाचून मला पोटात तुटलं होतं. तो मात्र रंगवत राहिला. संध्याकाळी बघायला एक लाकडी पेटी पण केली होती, त्यात काचेवर रंगवलेली लँडस्केपं सरकवायची आणि मागे मेणबत्त्या लावायच्या, ती पेटी आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

शेवट लवकर आला. १७८८ मध्ये वॉरन हेस्टिंग्जचा खटला सुरू होता, हाच तो आपल्याला सालबाईच्या तहावरून माहीत असलेला गव्हर्नर जनरल, आणि तो बघायला अर्धं लंडन वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये जायचं. गेन्सबरो उघड्या खिडकीकडे पाठ करून बसला होता आणि मानेला एकदम काहीतरी थंडगार लागल्यासारखं झालं. तिथे गाठ होती. डॉक्टर म्हणाले सर्दीने सुजलीये, पण तो कॅन्सर निघाला. जाण्याआधी त्याने रेनल्ड्सला पत्र लिहून बोलावलं, रेनल्ड्स आला, आणि दोघांमधलं सगळं मिटलं. २ ऑगस्ट १७८८ ला तो गेला, एकसष्ट वर्षांचा. लंडनजवळच्या क्यू या गावी चर्चच्या आवारात साधी कबर आहे. सफकचाच दुसरा पोरगा, पुढे मोठा लँडस्केप चित्रकार झालेला जॉन कॉन्स्टेबल, तेव्हा बारा वर्षांचा होता. पुढे त्याने लिहिलं की मला इथल्या प्रत्येक कुंपणात आणि पोकळ झाडात गेन्सबरो दिसतो. घरात विकली न जाता पडलेली लँडस्केपं कोणासाठी होती याचं उत्तर तिथे मिळतं.

तुमच्या स्वतःबद्दल विचारलंत म्हणून एवढंच, ऑर्डरी घ्या. फोटोवरून करावं लागलं तरी निदान एक सिटिंग मागा, आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी असं काहीतरी काढा जे कोणालाही विकायचं नाही.

आणि आता मुली. नॅशनल गॅलरीच्या साइटवर दोन्ही चित्रं मोठी करून बघता येतात. एक फुलपाखरामागे धावतानाचं, साधारण १७५६ चं, धाकटी हात पुढे करतेय, फुलपाखरू काटेरी झुडपावर बसलंय, मोठी जरा मागे. दुसरं चार-पाच वर्षांनंतरचं, दोघी जवळजवळ बसलेल्या. पुढे मोठीचं लग्न एका ओबोवादकाशी झालं आणि लगेच मोडलं, तिचं मन हळूहळू बिघडत गेलं आणि धाकटी तिला शेवटपर्यंत सांभाळत राहिली. बापाला हे सगळं पुढचं माहीत नव्हतं. दोन्ही चित्रं अपुरी आहेत, ऑर्डर कोणाचीच नव्हती, कोणी पैसे देणार नव्हतं. दुसऱ्या चित्रात खाली मुलीच्या हाताशी नीट बघा, पटकन दिसणार नाही, तिथे एक मांजर आहे, नुसत्या रेषांत काढलेलं, त्यात रंग भरायचा राहून गेलाय.